माल उतरण्याआधी: ताज्या एससीसीच्या चाचण्यांविषयी

जऊळका, मेडशी, किन्हीराजा, शिरपूर या वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या गावांमधून बांधकामावर जाणारी मुले आता फक्त घमेली उचलायला जात नाहीत. कोणी डिप्लोमा करून क्वालिटीच्या लॅबमध्ये लागलेला असतो, कोणी बॅचिंग प्लांटच्या पॅनेलवर बसते, कोणी ट्रान्झिट मिक्सरबरोबर साइटवर जाऊन क्यूब भरते. ही पुस्तिका त्यांच्यासाठी लिहिली आहे. विषय एकच: सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, म्हणजे साइटवर सगळे ज्याला एससीसी म्हणतात ते, साच्यात पडण्याआधी कसे तपासायचे. विषय लहान वाटेल. पण कॉलमचे पुढचे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या अर्ध्या तासात ठरते, आणि तो अर्धा तास बहुतेक साइटवर सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे सोपवलेला असतो. त्या माणसाला आपण काय पाहतो आहोत हे नेमके कळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आपल्या भागात काँक्रीट म्हटले की डोळ्यांपुढे घट्ट माल येतो. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता ५ जून २०२५ रोजी खुला झाला. काँक्रीटचे असे लांबच लांब रस्ते स्लिपफॉर्म पेव्हरने घालतात. यंत्र पुढे सरकले की मागे उघडी पडलेली कड कोणत्याही फळीच्या आधाराशिवाय उभी राहावी लागते, म्हणून तिथला माल घट्टच हवा. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरची धरणे रोलरने दाबायच्या काँक्रीटची आहेत. तो माल तर इतका कोरडा की त्याचा स्लम्प शून्य. गावातल्या घराच्या स्लॅबचा माल या सगळ्यांपेक्षा थोडा पातळ, तरीही त्याला निडल व्हायब्रेटर लावल्याशिवाय तो सळ्यांच्या पोटात शिरत नाही.

एससीसीकडून अपेक्षा अगदी उलट असते. ते स्वतःच्या वजनाने वाहावे, सळ्यांच्या जाळ्यातून वाट काढावी, साच्याचा कानाकोपरा भरावा, आतली हवा आपणहून बाहेर सोडावी, आणि हे सगळे करताना गिट्टी खाली आणि पाणी वर असे फुटू नये. व्हायब्रेटर नाही, सळईने ठोकणे नाही, शटरिंगवर हातोडी मारणे नाही.

ही कल्पना जपानमधून आली. टोकियो विद्यापीठातले हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ साली ती मांडली. त्या काळी जपानमध्ये काँक्रीटच्या बांधकामांच्या टिकाऊपणाची चिंता वाढली होती, आणि चौकशीत सारखी एकच गोष्ट पुढे येत होती: काँक्रीट नीट दाबून बसवणारे कसबी कामगार कमी होत चालले होते. कामगार मिळत नसेल तर कामगारावर अवलंबून नसलेले काँक्रीट करावे, असा ओकामुरांचा विचार. १९८८ मध्ये त्यांचे सहकारी काझुमासा ओझावा यांनी पहिला यशस्वी नमुना तयार केला. पुढे दहा वर्षांत ते आकाशी-काइक्यो पुलापर्यंत पोचले. १९९८ साली खुल्या झालेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा १९९१ मीटरचा. त्याच्या दोन टोकांना केबल धरून ठेवणाऱ्या अजस्र अँकरेजमध्ये सुमारे २ लाख ९० हजार घनमीटर असे काँक्रीट ओतले गेले आणि त्या भागाचे काम अडीच वर्षांऐवजी दोन वर्षांत झाले. ओसाकातल्या एका गॅसच्या टाकीवर काँक्रीट करणारे कामगार १५० वरून ५० वर आले. हे आकडे वाचून ठेकेदारांना पैसा दिसतो, आणि तो दिसावाही. मला त्यात दुसरे दिसते. ज्या शंभर माणसांना व्हायब्रेटर धरावा लागला नाही, त्यांच्या हातांची थरथर आणि कानांची बधिरता वाचली.

आपल्याकडे या काँक्रीटचा गंभीरपणे विचार सुरू झाला तो अणुऊर्जा प्रकल्पांवर. कारवारजवळच्या कैगा इथे झालेल्या प्रयोगशाळेतल्या आणि मॉक-अपच्या चाचण्यांवरचा बापट, कुलकर्णी आणि बांदेकर यांचा लेख जून २००४ च्या ‘इंडियन काँक्रीट जर्नल’मध्ये आला. अणुभट्टीच्या इमारतीत सळ्यांची इतकी दाटी असते की व्हायब्रेटरची सुई आत जाणेच कठीण. त्यामुळे प्रत्यक्ष कामाआधी तशीच दाटी असलेला खोटा भाग बांधून, त्यात माल ओतून, सगळे नीट भरले का ते पाहावे लागते. माझ्या मते एससीसी शिकण्याची ही सर्वांत प्रामाणिक रीत आहे. छोट्या कामावर पूर्ण मॉक-अप परवडत नाही हे मान्य, पण पत्र्याचा एक साचा, त्यात खऱ्या ड्रॉइंगप्रमाणे बांधलेल्या सळ्या, दुसऱ्या दिवशी साचा उघडून पाहणे, एवढे कोणालाही जमते.

सळ्यांची दाटी आता फक्त अणुभट्टीत राहिलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भूकंपात इमारत वाकली तरी तुटू नये म्हणून सळ्या कशा बांधायच्या हे सांगणारे आयएस १३९२० हे मानक त्याच वर्षीचे. त्याप्रमाणे कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आता एक बीम-कॉलम जोड डोळ्यांपुढे आणा. कॉलमच्या उभ्या सळ्या, त्यांच्याभोवती दाट रिंगा, दोन किंवा चार बाजूंनी आत घुसणारे बीम, त्यांच्या वरच्या-खालच्या सळ्या, वळवलेले हूक. २० मिलिमीटरची गिट्टी तिथे अडते, तिच्या मागे माल थांबतो, आणि साचा उघडल्यावर पोकळ जागा दिसते. गवंडी तिला हनीकोंब म्हणतात, वरून सिमेंटचा लेप देतात आणि विषय संपतो. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो आपल्या वाशिमकडेही जाणवला. अशा वेळी सगळा भार याच जोडांवर येतो. लेपाखाली काय दडले आहे हे तेव्हा कोणाला विचारणार?

एससीसीचा खरा उपयोग अशा जागी आहे. दाट सळ्यांचे जोड, जुन्या कॉलमला चढवायचे जॅकेट, पुलाच्या पिअर कॅप, प्रीकास्टचे सुटे भाग, जिथे माणूस आणि सुई दोन्ही पोचत नाहीत असे कोपरे. घरकुलाच्या चार इंची स्लॅबला एससीसी वापरा असे मी कोणाला सांगणार नाही. तिथे चांगला साधा माल, नीट चालवलेला व्हायब्रेटर आणि वेळेवर मारलेले पाणी पुरेसे असते, आणि पैसेही वाचतात. उतरत्या स्लॅबवर तर एससीसी वाहूनच जाईल.

आता मुख्य मुद्दा. साध्या काँक्रीटला दुसरी संधी असते. माल थोडा घट्ट आला तर व्हायब्रेटर जास्त वेळ लावता येतो, मुकादम दोन माणसे वाढवतो, वरून खाली आठ जण मिळून कसेबसे निभावून नेतात. एससीसीत ही संधी मुद्दाम काढून टाकलेली आहे. साच्यात पडल्यावर त्याला कोणी हात लावणार नाही, म्हणजे साच्यात पडण्याआधी त्याच्यात जे आहे तेच आत जाणार. आणि जी चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे, ती २८ दिवसांच्या क्यूबची, ती इथे जवळजवळ काहीच सांगत नाही. क्यूबच्या साच्यात सळ्या नसतात. कॉलम आतून अर्धा पोकळ असला तरी त्याच मालाचे क्यूब उत्तम फुटतात, रिपोर्टवर सही होते. शिवाय २८ दिवस उलटेपर्यंत त्या कॉलमवर पुढचा मजला चढलेला असतो. म्हणून ट्रकमागे पत्र्याची प्लेट टाकून केलेली दहा मिनिटांची तपासणी हाच एससीसीचा एकमेव खरा पुरावा ठरतो.

ती तपासणी नेमके काय मोजते, यासाठी थोडे शास्त्र समजून घ्यावे लागते. ताज्या काँक्रीटच्या वाहण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, ते वाहायला सुरुवात करण्यासाठी किती जोर लागतो. दुसरी, वाहू लागल्यावर ते किती हळू किंवा भराभर सरकते. श्रीखंड ताटात वाढले तसे उभे राहते, धक्का दिला तरच सरकते. काकवी घट्ट असली तरी ताट तिरके करण्याची वाट पाहत नाही, सावकाश पण शेवटपर्यंत पसरते. एससीसीला काकवीचा गुण हवा: सुरुवातीचा जोर जवळजवळ शून्य, पण अंगात इतका चिकटपणा की गिट्टी त्यात तरंगत राहील. साधे काँक्रीट पाणी घालून पातळ केले की सुरुवातीचा जोर कमी होतो हे खरे, पण चिकटपणाही जातो आणि गिट्टी बुडते. नवख्या माणसाला हे दोन गुण एकच वाटतात. एससीसीतल्या निम्म्या चुका तिथून सुरू होतात.

या दोन गुणांची सांगड घालण्यासाठी मालाची रचनाच बदलावी लागते. गिट्टी कमी, रेती जास्त, आणि सिमेंट, राख यांसारखी बारीक पूड भरपूर. युरोपातल्या २००५ च्या मार्गदर्शक सूचना घनमीटरला ३८० ते ६०० किलो पूड सुचवतात. त्यावर पॉलिकार्बोक्सिलेट जातीचे ॲडमिक्श्चर, ज्याला साइटवर नुसते ‘केमिकल’ म्हणतात. आपल्या बाजूला राख मिळवायला लांब जावे लागत नाही. बाळापूर तालुक्यातल्या पारसला महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. राखेचे कण गोल असतात, त्यामुळे माल घसरतो आणि उष्णताही कमी होते. मात्र राखेत न जळलेला कोळसा जास्त राहिला तर तो केमिकल शोषून घेतो. म्हणून राखेचा प्रत्येक टँकर काळपट आहे का हे आधी नुसते पाहावे, मग प्रयोगशाळेत तपासावे.

आता प्रत्यक्ष ट्रकमागे जाऊ. मे महिन्यातली दुपार आहे, ट्रक पाऊण तासाचा प्रवास करून आला आहे. ड्रम थोडा वेळ जोरात फिरवून घेतला. सपाट जागी ९०० मिलिमीटर चौरस प्लेट ठेवली, पाणसळीने तपासली, ओल्या गोणपाटाने पुसली. ती ओलसर हवी, तिच्यावर पाणी साचलेले नको. तिच्या मधोमध, ५०० मिलिमीटरच्या कोरलेल्या वर्तुळात, शंकू उभा. हा तोच ३०० मिलिमीटर उंचीचा स्लम्पचा शंकू आहे, खाली २०० आणि वर १००. फरक इतकाच की त्यात माल एकदम ओतायचा, सळईने एकही ठोका द्यायचा नाही. वरचा काठ थापीने सारखा केला, आजूबाजूला सांडलेले पुसले, आणि शंकू एका झटक्यात, पण न ओढता, एक ते तीन सेकंदांत सरळ वर उचलला. त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू. माल चहूकडे पसरतो. त्याने ५०० चे वर्तुळ कुठेही पहिल्यांदा गाठले की वेळ थांबवली. हा टी-५००. पसरणे पूर्ण थांबल्यावर दोन काटकोनी दिशांनी व्यास मोजले, सरासरी काढली. हा स्लम्प फ्लो. दोन व्यासांत ५० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर प्लेट वाकडी होती किंवा शंकू तिरका उचलला. पुन्हा करायचे.

समजा ७२० आले. युरोपीय वर्गवारीत ५५० ते ६५० हा पहिला वर्ग, ६६० ते ७५० दुसरा, ७६० ते ८५० तिसरा. दाट सळ्यांच्या कॉलमला दुसरा वर्ग चालतो, म्हणजे आकडा पास. बहुतेक रजिस्टरमध्ये एवढीच नोंद होते. पण प्लेटवर पडलेल्या त्या गोल भाकरीकडे अजून नीट पाहायचे आहे. तिच्या कडेपर्यंत गिट्टी पोचली आहे का? की गिट्टीचा ढीग मध्येच बसला आणि फक्त लगदा बाहेर गेला? कडेभोवती चकचकीत पाण्याची किंवा पातळ स्लरीची रिंग आहे का, अगदी करंगळीच्या नखाएवढी तरी? वर बुडबुडे फुटत आहेत का? चांगल्या मालाची कड जाड आणि गोलसर असते, गिट्टीचे दाणे तिच्यात कडेपर्यंत दिसतात, आणि वरचा भाग एकसारखा करडा असतो. ७२० आकडा चांगल्या मालालाही येतो आणि फुटलेल्या मालालाही येतो. दोन्हींतला फरक फक्त डोळ्याला दिसतो. अमेरिकेच्या एएसटीएमच्या मानकात या नजरेलाच शून्य ते तीन अशी गुणवारी दिली आहे: शून्य म्हणजे अगदी स्थिर, तीन म्हणजे उघड फुटलेला. आमच्या लॅबमधल्या मुलांनी ही गुणवारी पाठ करावी असा माझा आग्रह आहे, आणि प्रत्येक प्लेटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वाद झाला तर फोटो शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

टी-५०० चिकटपणाबद्दल बोलतो. दोन सेकंदांच्या आत आला तर माल चपळ, पण सांभाळून पाहण्याजोगा. चार-पाच सेकंद लागले तर घट्ट चिकट. पंपाला जास्त जोर लागेल, पण गिट्टी बुडण्याची भीती कमी. काल याच मिक्सला चार सेकंद लागत होते आणि आज दीड सेकंद लागले, तर आज कुठून तरी पाणी आले आहे, हे रजिस्टरवरून लगेच कळते. एका चाचणीच्या आकड्यापेक्षा रोजच्या आकड्यांची रांग जास्त उपयोगी पडते. तशी रांग ठेवणारे फार थोडे, आणि माझ्या मते आपल्या साइटवरची ही सर्वांत मोठी उणीव आहे.

स्लम्प फ्लो वाहणे सांगतो, सळ्यांतून जाणे सांगत नाही. त्यासाठी जे-रिंग: ३०० मिलिमीटरच्या कड्यावर उभ्या सळ्या, दाट जाळ्यासाठी १६. त्यांच्यामधले अंतर सुमारे ४१ मिलिमीटर, म्हणजे एका दाट जोडासारखेच. आत आणि बाहेर मालाच्या उंचीत किती फरक पडला ते मोजायचे. ट्रकमागे ही चाचणी सोपी जाते, कारण प्लेट आणि शंकू तेच असतात. एल-बॉक्स याच प्रश्नाचे उत्तर जास्त नेमके देतो. उभ्या डब्यातला माल दार उघडल्यावर सळ्यांमधून आडव्या भागात जातो आणि दोन्ही टोकांच्या उंचींचे गुणोत्तर ०.८० पेक्षा कमी नको. पण त्याला जागा लागते, समतल जमीन लागते, दाराची फट साफ ठेवावी लागते. साइटच्या धुळीत ते दार अडकले की कोणी चार दिवस त्याला हात लावत नाही. एल-बॉक्स लॅबमध्येच बरा. व्ही-फनेल तसाच: सुमारे दहा-बारा लिटर माल नरसाळ्यात भरून खालचे दार उघडायचे आणि वरून उजेड दिसेपर्यंतचा वेळ मोजायचा. आठ सेकंदांपर्यंत पातळ जात, नऊ ते पंचवीस चिकट. तोच माल पाच मिनिटे तसाच ठेवून पुन्हा वेळ घेतला आणि तो तीन सेकंदांपेक्षा जास्त वाढला, तर गिट्टी खाली बसू लागली आहे असे समजावे. चाळणीची चाचणी सगळ्यात शांतपणे करायची असते. दहा लिटर माल पंधरा मिनिटे झाकून ठेवायचा, वरचा सुमारे ४.८ किलो भाग ठरलेल्या उंचीवरून चाळणीवर ओतायचा, दोन मिनिटांनी खाली गेलेल्या लगद्याचे वजन घ्यायचे. १५ ते २० टक्क्यांच्या पुढे गेला तर माल उंच कॉलममध्ये फुटेल. पंधरा मिनिटे थांबायला कोणी तयार नसते, म्हणून ही चाचणी सगळ्यात जास्त टाळली जाते. मिक्स मंजूर करताना तरी ती टाळू नये.

या सगळ्या पद्धती आता आपल्या मानकांत आहेत. भारतीय मानक ब्युरोने २०१८ साली आयएस ११९९ चा सहावा भाग फक्त ताज्या एससीसीच्या चाचण्यांसाठी काढला आणि २०१९ च्या आयएस १०२६२ मध्ये त्याच्या मिक्सची पद्धत घातली. साइटवर प्रत्येक ट्रकला स्लम्प फ्लो, टी-५०० आणि डोळ्याची तपासणी, दाट जाळे असेल तेव्हा जे-रिंग, बाकीच्या चाचण्या मिक्स ठरवताना आणि काही बदलले की लॅबमध्ये, अशी वाटणी या पुस्तिकेत धरली आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. एससीसीवरची बहुतेक पुस्तके दुसऱ्या देशांच्या रेती-गिट्टीवर लिहिलेली आहेत, आणि ती वाचून इथे आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात गोंधळतो. आपली गिट्टी बेसाल्टची, काळ्या दगडाची. ती मजबूत आहे, पण साध्या क्रशरवर फोडली की चपट्या-लांबट तुकड्यांचे प्रमाण वाढते आणि असे तुकडे सळ्यांच्या फटीत आडवे अडकतात. नदीची रेती आता मिळेनाशी झाली, म्हणून क्रश सँड. ती खाणीतून येते आणि खाणीवर आपली काळी कापसाची माती असते. वरचा थर नीट काढला नाही तर ती माती रेतीत येते. या मातीतली चिकण पानापानांची असते आणि पॉलिकार्बोक्सिलेटचे धागे ती आपल्या पानांमध्ये ओढून घेते. मग कालचेच केमिकल, कालचेच पाणी, आणि माल मात्र घट्ट. प्लांटवाला केमिकल वाढवतो, कंपनीला शिव्या देतो, आणि दोष मातीचा असतो. मिथिलीन ब्ल्यूची चाचणी इथे सोन्याची आहे. रेतीच्या पाण्यात निळा रंग थेंबाथेंबाने घालत जायचा, गाळणकागदावर ठिपका द्यायचा. चिकण जितकी जास्त, तितका जास्त रंग ती पोटात घेते, आणि ठिपक्याभोवती फिकट निळी किनार दिसायला तितका उशीर होतो. खर्च थोडा, वेळ अर्धा तास. आयएस ३८३ क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालवते. ती पूड दगडाची असेल तर एससीसीला फायदाच होतो, मातीची असेल तर तोटा. किती टक्के पूड, हे चाळणी सांगते. कशाची पूड, हे ती सांगत नाही.

ओलाव्याचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. घनमीटरला सुमारे ९०० किलो रेती असते. तिच्या ओलाव्यात एक टक्क्याची चूक झाली तर नऊ लिटर पाणी कमी-जास्त होते, सहा घनमीटरच्या ट्रकमध्ये पन्नास लिटरपेक्षा अधिक. साध्या मालात त्याने स्लम्प थोडा बदलतो, एससीसीत तेवढ्याने माल फुटू शकतो. रात्री पाऊस पडून गेल्यावर पहाटेच्या पहिल्या ट्रकला सगळ्यांनी जागे राहावे. उन्हाळ्यात उलट. वाऱ्याने ढिगाची वरची रेती कोरडी होते, लोडर ती वरची घेतो, आणि तिसऱ्या ट्रकपासून ढिगाच्या पोटातली ओली लागते.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास वेळेचा. विदर्भात मेमध्ये सावलीत ४४-४५ अंश तापमान नवे नाही आणि आयएस ७८६१ प्रमाणे साच्यात ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर नको. प्लांटवर ७४० असलेला फ्लो एका तासाने ६०० वर येऊ शकतो. म्हणून मिक्स मंजूर करताना त्याच उकाड्यात ०, ३०, ६० आणि ९० मिनिटांनी फ्लो मोजून त्याची रेषा काढावी. जानेवारीत लॅबमधल्या पंख्याखाली मंजूर केलेला मिक्स मेमध्ये वापरणे हा हलगर्जीपणा आहे, मग कागदावर कोणाचीही सही असो.

आणि इथे ते नेहमीचे वाक्य येते. ट्रकचा ड्रायव्हर विचारतो, “साहेब, माल घट्ट येऊन रायला, थोडं पानी मारू का?” तो वाईट माणूस नसतो. त्याला पुढची फेरी गाठायची असते, पंपवाला ओरडत असतो, वर स्लॅबवर बाया-माणसे उन्हात उभी असतात. पाणी मारले की फ्लो लगेच वर येतो, सगळे खूश होतात, आणि चिकटपणा निघून जातो. माल ड्रममध्येच फुटू लागतो. फ्लो परत आणायचा तर ठरवून दिलेल्या मात्रेत केमिकल घालावे, ड्रम पुरेसा फिरवावा आणि चाचणी पुन्हा करावी, तीही प्लांटच्या जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली. हे न जमल्यास ट्रक परत पाठवावा. परत पाठवण्याचा अधिकार लॅबच्या मुलाला लेखी दिलेला असावा. तो अधिकार नसताना त्याला प्लेट आणि शंकू देणे म्हणजे त्याला नुसते साक्षीला उभे करणे होय. एखाद्या वरिष्ठ अभियंत्याने ही पुस्तिका वाचली तर त्याने बाकी काही केले नाही तरी एवढे करावे.

साच्याची गोष्टही विसरू नये. एससीसी घट्ट होईपर्यंत साच्यावर पाण्यासारखाच दाब देते, आणि काँक्रीट पाण्याच्या जवळपास अडीचपट जड. तीन मीटर उंच कॉलम भराभर भरला तर तळाशी चौरस मीटरला सात टनांहून अधिक दाब येतो. साध्या मालाच्या हिशेबाने बांधलेले सेंट्रिंग फुगते, कधी उघडते. फळ्यांच्या फटीतून स्लरी गळते आणि तिथे गिट्टी उघडी पडते. माल कितीही चांगला तपासला असला तरी फट बुजवलेली नसेल तर कॉलमवर पुन्हा तेच हनीकोंब दिसणार, आणि दोष एससीसीच्या माथी मारला जाणार.

पुढची प्रकरणे या क्रमाने आहेत: नमुना घेणे, स्लम्प फ्लो आणि टी-५००, जे-रिंग, मग लॅबमधल्या चाचण्या, शेवटी रेती-राखेची तपासणी. पहिली दोन साइटवर जाण्याआधी वाचावीत आणि एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावीत. माल वाया जाईल म्हणून कोणी अडवले तर एका शंकूत साडेपाच लिटरच माल लागतो हे त्याला सांगावे. पुस्तिकेच्या मागे एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात ट्रकचा नंबर, प्लांटवरून निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, हवेचे आणि काँक्रीटचे तापमान, दोन व्यास, टी-५००, डोळ्याची गुणवारी, फोटोचा क्रमांक, आणि माल घेतला की परत पाठवला, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना नमुना घेणाऱ्याच्या नावाचा आहे, आणि तो त्यानेच भरावा.